दसऱ्याच्या फोटोत बाबा नाहीत

खामगाव,
७ सप्टेंबर २०२५

आदरणीय दादा,

सप्रेम जयभीम.

तू, मनाली वहिनी आणि पायल मजेत असाल असं धरून चालते. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. पाऊस यंदा जरा जास्तच झाला, सोयाबीन पिवळं पडलं म्हणून लोक कुरकुरताहेत. वरून इतकं पाणी पडूनही नळाला मात्र आठवड्यातून एकदाच येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी मला शाळेत उशीर होतो, आणि हेडमास्तर घड्याळाकडे न बघता माझ्याकडे बघतात. शाळेच्या गावाची, पिंपळगाव राजाची एसटी अजून तशीच आहे. एखाद्या दिवशी वेळेवर आली तर आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं.

पत्र बघून तुला नवल वाटलं असेल. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. पत्राला मीटिंग नसते. पोस्टात पाकीट घ्यायला गेले तर खिडकीतली बाई म्हणाली, "राखी पाठवता का मॅडम?" राखी कधीच होऊन गेली म्हटलं. तीही पोचली की नाही ते तू कळवलं नाहीस, पण ते जाऊ दे.

काम आहे. ते आता सांगते, नाहीतर तू म्हणशील मायाचं नेहमीचं, अर्धं पान नळाचं.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी सायकलचं दुकान होतं त्या उकंडरावांचा गोकुळ तुला आठवत नसेल, तू गेलास तेव्हा तो पाटी घेऊन फिरत होता. आता कॉलेजात संगणक शिकवतो आणि त्याला वाफेच्या इंजिनांचे जुने फोटो जमवायचा नाद लागलाय. नाद म्हणजे असा की बायको माहेरी गेली तरी त्याच्या दोन दिवसांनी लक्षात येतं. जलंबचं यार्ड, इंजिनात पाणी भरायचा तो उंच नळ, खामगावच्या फलाटावर कापसाच्या गाठी भरलेल्या वाघिणी, धुरात अर्धं बुडालेलं स्टेशन, असं काय काय त्यानं गोळा केलंय. कुणाच्या ट्रंकेतून, कुणाच्या लग्नाच्या अल्बममधून, काही परदेशातल्या लोकांकडून इंटरनेटवर. ऑक्टोबरच्या बारा तारखेला, रविवारी, त्याचं प्रदर्शन आहे. एका शाळेचा हॉल मिळालाय.

तर मागच्या रविवारी तो लॅपटॉप घेऊन बाबांकडे आला. म्हणाला, काका, जलंब-खामगाव गाडीवर फायरमन असलेले तुम्हीच आता उरलात, मला नावं सांगा. त्याच्याकडे दसऱ्याचे चार फोटो आहेत, चार वेगवेगळ्या वर्षांचे. दसऱ्याला इंजिन धुऊन-पुसून, झेंडूचे हार घालून, केळीचे खुंट बांधून पूजा करायचे ना, त्यानंतर सगळा स्टाफ इंजिनापुढे उभा करून फोटो काढायचे. फोटोवाला वर्षातून तेवढाच एकदा यायचा. गोकुळनं चारही फोटोंखाली लिहिलं होतं, 'खामगाव गाडीचा संपूर्ण स्टाफ'.

बाबांनी लॅपटॉप हातात घेतला नाही. "तूच सांग कोन कुठी हाये," म्हणाले. त्यांचा आळस तुला माहीत आहे. गोकुळ सांगत गेला, मधोमध जाड मिशांचा, टोपी काखेत. डावीकडे एक उंच, शर्टाचं वरचं बटण उघडं. आणि बाबा नावं सांगत गेले, कोण कुणाचा साडू तेही. चौथा फोटो संपल्यावर गोकुळनं विचारलं, "काका, आणि तुम्ही?"

"मी नाई त्याच्यात."

"एकातही नाही? मग तेव्हा तुमची बदली झाली होती का?"

बाबा इतके हसले की त्यांना खोकला लागला. "अबे, दसऱ्याले मी इथं कधी होतो? दसऱ्याले आमी नागपूरले."

गोकुळचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढचं बाबांनीच सांगितलं. पॉइंट्समन तुळशीराम काका, रूळ दुरुस्तीच्या गँगमधले आपल्या वस्तीतले सगळे, कुणीच त्या फोटोंत नाही. फोटोवाल्यानं कुणाला वगळलं नव्हतं, उलट मिशीवाले ड्रायव्हर दर वर्षी म्हणायचे, किसन, एक दिवस थांब, फोटो निघून राह्यला. पण तो नेमका धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. ही मंडळी आदल्या दिवशीच पास काढून, चटणी-भाकर बांधून दीक्षाभूमीवर गेलेली असायची. एका वर्षी रजा मिळाली नाही तर बाबा नागपूरला जाणाऱ्या गाडीच्याच इंजिनावर कोळसा टाकत होते. "मी बी गेलो अन् लोकायले बी नेलं," असं सांगतात. त्याचा फोटो कोण काढणार.

म्हणून गोकुळनं खालची ओळ खोडली आणि प्रदर्शनाच्या भिंतीवर एका फोटोची जागा रिकामी ठेवली. काकांचा एक तरी फोटो आणा म्हणतो.

एकच आहे, दादा. तो तुझ्याकडे आहे. तू नऊ वर्षांचा होतास तेव्हाचा, कुठल्यातरी देशातला तो गोरा माणूस इंजिनांचे फोटो काढत जलंबला उतरला होता तेव्हाचा. तू बाबांचा डबा घेऊन गेला होतास आणि बाबांनी तुला इंजिनावर चढवलं. कित्येक महिन्यांनी पोस्टानं मोठा फोटो आला आणि आईनं चौकट करून तो बाबासाहेबांच्या तसबिरीच्या जरा खाली लावला. तू नोकरीला पुण्याला राहायला लागलास त्या वर्षी बाबांनीच तो तुला तिकडे लावायला दिला. तेवढा पाठव. गोकुळ त्याची प्रत काढून घेईल, मूळ परत तुला.

बाबांची तब्येत ठीक आहे. डोळ्यांचं म्हणशील तर थोडं कमी दिसतं, वयच झालं. अकोल्याच्या डॉक्टरांनी थेंब दिलेत, ते वेळच्या वेळी घालते. काळजी करू नकोस.

पायलला अनेक आशीर्वाद. बारावीचा अभ्यास कसा चाललाय ते तिलाच दोन ओळी लिहायला सांग.

तुझी,
माया


खामगाव,
२८ सप्टेंबर २०२५

दादा,

जयभीम.

तुझं उत्तर आलं नाही. वहिनींचा मेसेज आला. तो जसाच्या तसा लिहिते: 'माया ताई, कुठला फोटो? आमच्याकडे इंजिनाचा फोटो नाही. यांना विचारलं तर म्हणाले काही माहीत नाही.' पुढे नमस्काराचे दोन हात.

वहिनींनी मनापासून विचारलंय ते कळतं. चोवीस वर्षं एका घरात राहून त्यांना तो फोटो दिसला नाही म्हणजे तो भिंतीवर लागलेलाच नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं की बाबांनीच तुला तो दिला. ते बाबांचं म्हणणं आहे. इतकी वर्षं या घरात तेच चालत आलंय, म्हणून मीही तेच पुढे लिहिलं. पण आता तूच माहीत नाही म्हणतोस, तेव्हा मला माहीत आहे ते लिहिते. पत्र फाडायचं असेल तर वाचून फाड.

वहिनींचे आई-वडील घर बघायला येणार होते तो दिवस. मी स्वयंपाकघरात पोह्यांची तयारी करत होते. तिथल्या दारातून समोरची भिंत दिसायची. तू स्टुलावर चढलास, फोटो काढलास, तुझ्या टॉवेलात गुंडाळून बॅगेत ठेवलास आणि त्या खिळ्यावर बँकेचं कॅलेंडर लावलंस. मला वाटलं, काच पुसायला काढला असेल. पाहुणे आले. पोहे छान झाले म्हणाले. मग वहिनींच्या वडिलांनी बाबांना विचारलं, "रेल्वेत कोणत्या पदावर होतात आपण?" बाबांनी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "लोको विभागात सुपरवायझर होते."

बाबा तुझ्याकडे बघत होते. मग पाहुण्यांकडे बघून म्हणाले, "हाव. रेल्वेतच होतो."

एवढंच. त्यानंतर त्यांनी पाहुण्यांना भुसावळच्या इंजिनांच्या शेडबद्दल काही सांगितलं नाही, आणि तुला माहीत आहे, ते शेडबद्दल कुणालाही सांगतात, भाजीवालीलासुद्धा.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर आईनं विचारलं, "इथचा फोटो कुठी गेला वो?" तू अंगणात होतास. बाबा तुझं नाव घेऊन म्हणाले, "मीच देल्ला देवाले. पुन्याले लावतो म्हने." आईनं कॅलेंडरकडे बघितलं आणि ती भांडी घासायला गेली. आई शेवटपर्यंत त्या खिळ्याला दुसरं काही लावू देत नव्हती, कॅलेंडर बदलायचं तरी स्वतः बदलायची.

आणि बाबांनी ते वाक्य पुढे सगळ्यांना सांगितलं. शेजारच्या कलाबाईंना, वस्तीतल्या मंडळींना, आई गेली तेव्हा भेटायला आलेल्यांना. परवा गोकुळलाही सांगितलं. इतक्या सहज सांगतात की मलाच कधी कधी वाटायचं, टॉवेलाचं मी स्वप्नात बघितलं असेल.

दोष द्यायला लिहितेय का? थोडा हो. कोळसा टाकणारा बाप सासऱ्यासमोर सांगायची तुला लाज वाटली, ते मी तेव्हाही समजू शकत होते. नवी नोकरी, नवं शहर, आपण कोणत्या वस्तीतले ते लोक आडनावावरूनच हुंगतात, त्यात आणखी फावडं कशाला, असं वाटलं असेल. मी शाळेत लागले तेव्हा स्टाफरूममध्ये मलाही असं काहीबाही वाटलं आहे. पण एकदा वाटणं वेगळं आणि चोवीस वर्षं टॉवेलात ठेवणं वेगळं. आई गेली तेव्हा आलास, पुण्यानुमोदनाचा विधी झाला तसा रात्रीच्या गाडीनं गेलास, ते आजतागायत आला नाहीस. का येत नाहीस ते मला कळतं. तुला वाटतं, घरात पाऊल टाकलं की बाबा भिंतीकडे बघतील.

मी थकले आहे, दादा. पहाटे उठून बाबांचं आवरायचं, थेंब घालायचे, डबा करायचा, चहाचा कप त्यांच्या हातात नीट देऊन मग निघायचं, एसटी, शाळा, शाळेची शंभर कामं, परत एसटी, आल्यावर पुन्हा थेंब. कलाबाई दुपारी डोकावून जातात, त्यांचेच गुडघे चालत नाहीत. कुणी विचारलं तर मी 'ठीक आहे' म्हणते आणि ते खोटंही नसतं. रागसुद्धा आता पूर्वीसारखा येत नाही, त्यालाही अंगात जोर लागतो. मघाशी लिहिताना आला होता, आता पुन्हा नुसती झोप येतेय.

गोकुळ अधूनमधून येतो. बाबा त्याला तेच फोटो पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. तो न कंटाळता सांगतो. परवा त्यानं विचारलं, "ताई, तुमच्याकडच्या फोटोत काका नेमके कुठे उभे आहेत? दारात की मागे कोळशाच्या टेंडरवर?" मला सांगता आलं नाही. इतकी वर्षं रोज बघितलेला फोटो, आणि मला फक्त काळं इंजिन, धूर आणि तुमचे दोघांचे दात आठवतात. मी त्यात नाही. मी तेव्हा लहान होते, घरी होते. तरी तो फोटो माझाही आहे, असं मला वाटतं.

पाठव. कुणी काही विचारणार नाही. बाबा तर मुळीच नाहीत, त्यांचं ठरलेलं आहे, त्यांनीच तुला दिला होता.

माया


खामगाव,
४ ऑक्टोबर २०२५

प्रिय दादा,

जयभीम.

काल तुझा मेसेज आला. 'फोटो आहे. सोमवारी कुरिअर करतो.' पाचच शब्द, तरी मी ते खूप वेळा वाचले. तुला ते टाइप करायला किती जड गेलं असेल याची कल्पना आहे. 'आहे' म्हणालास, 'सापडला' म्हणाला नाहीस, ते मला बरं वाटलं.

पण आता माझं ऐक. कुरिअर करू नकोस. फोनवर सांगितलं असतं, पण तू ऐकून 'बरं' म्हणाला असतास आणि मला पुढचं बोलता आलं नसतं. हे पत्र लवकर पोचावं म्हणून मी शेगावहून स्पीड पोस्टानं टाकतेय. तोवर फोटो निघू नये म्हणून वहिनींना एवढंच कळवलंय की सोमवारी काही पाठवू नका, पत्र येतंय.

बाबांना दिसत नाही, दादा.

थोडं कमी, वयोमानानं, थेंब चालू आहेत, हे सगळं मी तुला बाबांच्या सांगण्यावरून लिहिलं होतं. काचबिंदू आहे. एक डोळा गेल्या वर्षीच गेला, दुसरा उन्हाळ्यात. थेंब आता दुखू नये म्हणून आहेत. खिडकीचा उजेड कळतो, बाकी काही नाही. गोकुळनं लॅपटॉप आणला तेव्हा आळसानं नव्हे, दिसत नव्हतं म्हणून त्यांनी हातात घेतला नाही. गोकुळलाही ते दुसऱ्या खेपेला कळलं. डॉक्टर म्हणाले, आजार घराण्यात असू शकतो, मुलांनी तपासून घ्यावं. मी तपासून घेतलं, माझे बरे आहेत. तूही तपासून घे. हे आधीच कळवायला हवं होतं, पण ते कळवायचं म्हणजे सगळंच कळवावं लागलं असतं. बाबा मात्र डॉक्टरांना सांगत होते, "आजार-बिजार काई नाई, भट्टीकडं पाहू पाहू गेले डोये."

तुला का सांगू दिलं नाही, तेही सांगते. मी तुला फोन लावायला घेतला होता. त्यांनी आवाजावरून ओळखलं आणि म्हणाले, "देवाले सांगू नको. आंधया झालो म्हनून यीन तो. तसा कायले याले पाह्यजे?" त्यांच्या मनात तू कशासाठी यावंस हे मी विचारलं नाही. परवा कळलं.

परवा दसरा झाला. यंदा नागपूरला जाणं शक्यच नव्हतं. सकाळी आंघोळ करून त्यांनी पांढरा शर्ट मागितला आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. वंदना घेतली. आईच्या वेळची खीर मी आपली कशीबशी केली. दुपारी गोकुळ आला, त्याच्या घरच्या पूजेतून उठून आला होता, कपाळावर कुंकू तसंच. प्रदर्शनाचे फोटो छापून झालेत, ते त्यानं एकेक करून बाबांच्या हातात दिले. बाबा कडा चाचपत होते आणि आम्ही दोघं सांगत होतो. इंजिन किती मोठं आलंय, धूर कुठल्या बाजूला जातोय. धूर डावीकडे म्हटलं की म्हणायचे, "मंग थंडीचे दिवस असन."

सगळे फोटो झाल्यावर ते म्हणाले, "आता आपला सांग."

"आपला कुठला?"

"आपला. इथचा." आणि हात भिंतीकडे केला. बरोबर त्या खिळ्याकडे.

मी सांगायला लागले. तुम्ही इंजिनाच्या दारात उभे आहात, हातात फावडं आहे, डोक्याला रुमाल बांधलाय, बाजूला दादा आहे. मला वाटलं जमतंय. बाबांनी हात वर करून थांबवलं.

"रुमाल नोता. टोपी होती. रुमाल तं देवाच्या हाती होता."

ते म्हणाले, "तुले नाई मालूम. तू लायनी होती. देवाले मालूम हाये." रागावले नव्हते. एखादा पत्ता चुकीच्या माणसाला विचारला गेला की आपण म्हणतो ना, जाऊ द्या, तसं म्हणाले.

गोकुळनं विचारलं, "काका, रुमाल त्याच्या हातात का होता?"

आणि बाबांनी ते सांगितलं. मी हे कधीच ऐकलं नव्हतं. आईनंही सांगितलं नव्हतं, तिला माहीत असेल की नाही कोण जाणे. तू डबा घेऊन गेलास, बाबांनी तुला वर घेतलं आणि तू हट्ट धरलास की मलाही कोळसा टाकायचा. त्यांनी तुझ्या हातात फावडं दिलं, ते तुला उचललं नाही, मग त्यांनी मागून धरलं आणि दोघांनी मिळून दोन-तीनदा टाकला. तुझं तोंड त्यांच्यापेक्षा काळं झालं. तेवढ्यात तो गोरा माणूस खाली उभा राहून फोटो काढू का म्हणून खुणा करायला लागला. बाबांना वाटलं, पोराचं तोंड पुसावं, फोटो निघणार, बाहेरच्या देशात जाणार. त्यांनी खिशातला रुमाल काढला. तो तू त्यांच्या हातातून ओढून घेतलास आणि पाठीमागे लपवलास.

"पुसू नोका म्हने," बाबा म्हणाले. "उद्या शायेत असाच जातो म्हने. माह्ये बाबा इंजिन चालोते म्हनून सांगतो म्हने पोट्ट्यायले."

सांगताना ते हसत होते. मग म्हणाले, "गेल्ता बी तसाच. मास्तरनं मारलं त्याले."

गोकुळ उठून बाहेर गेला, मोटारसायकलची किल्ली शोधायच्या निमित्तानं. मी तिथेच बसले होते. मला रडू आलं नाही, ते तुला मुद्दाम सांगते, कारण तू समजशील बहीण रडून-भेकून बोलावतेय. मला फक्त फार दमल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी समजत होते की बाबा ते वाक्य तुला वाचवायला बोलतात. मीच देल्ला, पुन्याले लावतो म्हने. आता वाटतं, त्यांना ते खरंच वाटत असेल. ज्या पोरानं तोंड पुसू दिलं नाही, तो फोटो मागून नेणारच, असं त्यांनी धरलं असेल. किंवा टॉवेलाचं त्यांना माहीत असेल आणि तरीही त्यांनी त्या नऊ वर्षांच्या मुलाचं म्हणणं जास्त धरलं असेल. मला ठरवता येत नाही. मी विचारणारही नाही.

प्रदर्शनातल्या रिकाम्या जागेचं मी त्यांना विचारलं. "लावा नाई तं नोका लावू," म्हणाले, "मले कुठी दिसते." त्यांना तो कुणी बघावा असं नाही. त्यांना तो ऐकायचा आहे. आणि तो सांगता येईल असा माणूस जगात एकच आहे.

म्हणून कुरिअर करू नकोस. पाकीट फोडून मी फोटो त्यांच्या हातात ठेवीन, ते कडा चाचपतील, मी टोपी म्हणेन, रुमाल तुझ्या पाठीमागे आहे असं बघून बरोबर सांगेन. पण त्या दिवशी भट्टीतून वारा कसा आला, फावडं किती जड लागलं, बाबा तुझ्या कानात काय बोलले, यातलं मला काय माहीत? मास्तरांनी मारलं तेव्हा तू काय म्हणालास ते तरी मला कुठे माहीत आहे?

घेऊन ये. शेगावला उतर, मी रिक्षा पाठवते, किंवा जलंबला उतरून आपल्या गाडीनं ये, ती चालू आहे. बारा तारखेच्या आत आलास तर गोकुळला प्रत काढता येईल, नंतर आलास तरी चालेल. आंधळे झाले म्हणून येऊ नकोस, त्यांना ते आवडणार नाही. फोटो सांगायला ये. त्यांच्या शेजारी बस, त्यांचा हात धर, आणि इंजिनापासून सुरुवात कर. फोटोतल्या तुझ्या तोंडापाशी पोचलास की थांबू नकोस. पायलला आणलंस तर तिलाही ऐकू दे. वहिनींना काय सांगायचं ते तुझं तू बघ, पण मला वाटतं त्यांना आवडेल.

तुझा मेसेज आल्याचं मी बाबांना सांगितलेलं नाही. फोटो आहे तेही नाही, तुला बोलावतेय तेही नाही. हे पत्र मी शाळेत बसून लिहितेय. तू नाही आलास तर त्यांना काही कळणार नाही.

मला कळेल.

माया